इतिवृत्तात नाही

गौरी गेल्या की दुसऱ्या दिवशी आमची वार्षिक सभा,
कारण भागधारक येतात ते गणपतीला
आणि पाठ फिरवतात सातव्या दिवसाच्या गाड्यांनी.
शाळेचा मधला वर्ग, बाकं पोरांच्या मापाची,
गुडघे पोटाशी घेऊन बसलेले
दोनशे अकरा भाग.
माणसं एकोणीस.

नोंदवही माझ्याकडे.
नाव, पत्ता, क्रमांक, वारस.
पत्ते बहुतेक डोंबिवली, विरार;
एक मस्कत.

विषय चौथा:
बर्फाचा कारखाना बंद करून जागा
कोळंबीवाल्या कंपनीला भाड्याने देणे.
लाभांश दुप्पट, कटकट नाही.
अध्यक्ष कोचरेकर वाचतात छान,
आकड्यांवर त्यांची जीभ घसरत नाही.
फक्त देवगडची यष्टी घाटीवर भोंगा देत गेली
तेवढ्यापुरते थांबले.

व्हरांड्यात टोपल्या उपड्या घालून
नऊ-दहा बायका बसल्या होत्या.
त्यांना सूचना गेली नव्हती,
नियमात बसत नाही.
द्रौपदी मेतर खिडकीच्या गजांतून म्हणाली,
"आमचो भाग खंयच्या वहीत आसा, तां दाखव रे."
मी पान उलटलं. उगाच.
मला ठाऊक होतं.
"भाग नाय तर नाय. पन भागतला कसां, तां सांग."

वहीला रकाना नाही
पहाटे चारला फुटणाऱ्या लादीचा,
भुसा झटकून टोपलीत पडणाऱ्या चुऱ्याचा,
ज्याच्या जिवावर बांगडा दुपारपर्यंत
डोळा लाल होऊ देत नाही.
कॉम्प्रेसरपाशी सव्वीस वर्षं उभ्या
इस्माईल वस्ताच्या डाव्या कानाचा.
मागच्या विहिरीचा, जी आम्ही उपसून उपसून खारट केली,
आणि धुरींच्या सात माडांचा.

गुणाजी बुडाला त्या साली
मुलगा परदेशातून येईपर्यंत दोन दिवस
त्याला आम्ही लाद्यांवर ठेवला होता.
चौदा लाद्या.
कुणी पैसे विचारले नाहीत, कुणी दिले नाहीत.
ताळेबंदात मीच लिहिलं,
घट: चौदा.
गुणाजीचा एक भाग मग वारसाच्या नावे चढला.
मस्कतहून त्याचं मुखत्यारपत्र आलं होतं
यंदा, वेळेत.
ठरावाच्या बाजूने.

हात वर झाले.
माझेही पाच भाग आहेत,
वडिलांनी म्हैस विकून घेतलेले.
माझा हात लिहीत होता.
लिहिणारा हात बाजूने धरतात.
मी 'बहुमताने' लिहिलं.
कोचरेकर मागून वाकून म्हणाले,
"एकमताने लिही की. विरोध कुणी केला?"
खिडकीत तेव्हा कुणीच नव्हतं.
भरतीची वेळ झाली होती.

संध्याकाळी रापण लागली.
मी घरी निघालो होतो, वाट पुळणीवरून जाते,
दोर समोर आला आणि धरला.
लहानपणापासून तसंच आहे,
दोर दिसला की हात जातो.
चपला कुठे काढल्या आठवत नाही.
इस्माईलचा नातू पुढे, मागे कुणी बिऱ्हाडकरू मास्तर,
टाचा वाळूत रुतवून
आम्ही सगळे उलटे चालत होतो.

न्हानू कुबलाने वाळूत ढीग घातले.
एक जाळ्याचा. एक होडीचा.
एक रवळनाथाचा.
एक तापाने पडलेल्या सोनूचा, जो आलाच नव्हता.
एक गुणाजीच्या बायकोचा,
तो तिला न विचारता दरवेळी पडतो.
मग त्याची नजर माझ्या पँटीवर, खिशातल्या पेनावर आली
आणि हात थांबला.

द्रौपदी टोपली भरत होती. वर न बघता म्हणाली,
"ह्येनां दोराक हात लायल्यान."

दोन बांगडे.
नाव विचारलं नाही, सही घेतली नाही.
शेपट्या धरून घाटी चढू लागलो.
वाटेत कारखान्याचं दार लागतं,
एरवी मूठभर चुरा मागून घेतला असता.
उकाडा होता. मी भराभर चाललो.